जपानी यंत्र कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये याबाबत

लिहून ठेवणार: कु. विशाखा पंजाबराव मनवर, वय ६२ वर्षे, सेवानिवृत्त न्यायालयीन लघुलेखिका, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ.

मी वर नाव दिलेली विशाखा मनवर आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या टंकलेखन यंत्रावर हे मृत्युपत्र तयार करीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणण्याचा प्रयत्न झाला होता. तो माझा पुतण्या संघदीप याने केला, आणि म्हणूनच हा कागद होत आहे. गुडघे सोडल्यास माझे शरीर आणि राग सोडल्यास माझे मन स्थिर आहे. नोकरीत असताना मी इतरांची शेकडो मृत्युपत्रे टंकलिखित केली. त्या प्रत्येकात 'माझ्यामागे वाद होऊ नये म्हणून' असे एक वाक्य असायचे. माझ्या मृत्युपत्रात ते नाही. माझ्यामागे वाद अवश्य व्हावा, पण तो मी जिंकावा, एवढ्यासाठी सर्व तपशील लिहीत आहे.

सन २००१ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही संघदीपला दिले होते. ते याद्वारे रद्द. मी ते फाडलेले नाही. आडवी रेघ मारून सोबत जोडले आहे, म्हणजे आपण काय घालवले हे त्याला निवांत वाचता येईल.

कलम १. माझी माणसे.

माझे वडील पंजाबराव लहान गाडीच्या रुळांवर गँगमन होते. स्टेशनमास्तर गोव्याचे होते, त्यांच्या शिफारशीने वडिलांनी मला अमरावतीला सिस्टरांच्या शाळेत, बोर्डिंगात घातले. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी माझे नाव विशाखा ठेवले आणि शाळेच्या रजिस्टरात ते बदलून घ्यायला धुतलेला सदरा घालून स्वतः अमरावतीला आले. सिस्टर म्हणाल्या, नाव चांगले आहे, पण लांब आहे. वडील म्हणाले, "लांब असू द्या, बाई. तिले लांब जायचं हाय." त्या शाळेत मी इंग्रजी शिकले, चौकटीच्या कापडावरचे भरतकाम शिकले आणि उलट उत्तर द्यायला शिकले. शेवटची गोष्ट अभ्यासक्रमात नव्हती.

आई रुखमाबाई आणि वडील दोघेही आता नाहीत. मी लग्न केले नाही. धाकटा भाऊ धर्मपाल मालवाहू जहाजावर फिटर होता. त्याची बायको मुलगा चार वर्षांचा असताना वारली, आणि तो मुलगा, म्हणजे संघदीप, माझ्याच घरी वाढला. त्याचे दप्तर, त्याचा गोवर, त्याची दहावी, सगळे याच घरात झाले. धर्मपाल सन १९९३ मध्ये गेला. संघदीपला एक मुलगी आहे, पायल. माझी माणसे एवढीच.

कलम २. जपानी यंत्र आणि ते माझे कसे.

हे यंत्र म्हणजे जपानात तयार झालेला घरगुती संगणक. कंपनीचे नाव पाठीवर आहे. मी ते इथे लिहीत नाही, कारण त्या कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडले आणि मला तिची फुकट जाहिरात करायची नाही. ऐंशी सालानंतर जपानातल्या कंपन्यांना वाटले की प्रत्येक घरात संगणक असावा. श्रीमंतांसाठी महाग निघाले आणि गरिबांसाठी हे. याला पडदा नाही, घरचा टीव्ही हाच पडदा. कपाट भरून पेट्या नाहीत, घरचा टेपरेकॉर्डर हेच त्याचे कपाट. लिहिलेले सगळे कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवायचे आणि तो आवाज ऐकवून परत घ्यायचे. बटणे खोडरबरासारखी मऊ. स्मरणशक्ती कोर्टाच्या आठ टंकलिखित पानांएवढी. वीज गेली की सगळे विसरते, पण सगळे विसरते. माणसे सोयीचे तेवढेच विसरतात.

दोन वर्षे ते विकले गेले. मग टीव्हीला जोडून नुसते खेळ खेळायचे डबे बाजारात आले, मुलांनी आईबापांचे हात धरून तिकडे ओढले, आणि कंपनीने हे करणे बंद केले. धर्मपालला ते कोबे बंदराजवळच्या एका दुकानात दिसले. बाजार उठताना आपल्याकडे उरलेल्या वांग्यांचा ढीग लावतात तसा ढीग लावला होता म्हणे. चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीत तो सुटीवर आला, पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "ताई, हे तुयं. दिवसभर तू लोकाइचं टाइप करतं. हे तुयं सोताचं."

कायदा माहीत नसणाऱ्यांसाठी लिहिते: जंगम वस्तूचे बक्षीस ताबा दिल्याने पूर्ण होते. ताबा माझ्या मांडीवर दिला. त्या वेळी संघदीप शेजारी बसून चिवडा खात होता. त्याला आठवत नसेल तर चिवडा तरी आठवावा.

जपानची वीज आपल्यापेक्षा सौम्य. त्यामुळे मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडून एक ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला, तो विटेएवढा जड आहे. टीव्ही मेकॅनिक रामधन चव्हाण याने माझ्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या पोटात हात घालून चित्र आणले. ते सारखे वर सरकत होते. रामधन मागचे बटण धरून म्हणाला, "बाई, हे जपानी चित्र हाय, याले घाई हाय. याले आपल्या चालीवर आनतो." आणि आणले.

कलम ३. अक्षरे.

यंत्राबरोबरचे पुस्तक जपानी होते, ते मला काडीचे कळले नाही. पण आज्ञा इंग्रजीत होत्या, आणि इंग्रजीतल्या आज्ञा आम्हाला सिस्टरांनी लहानपणीच पाठ करून दिल्या होत्या. एक गोष्ट मात्र मला खुपली. प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षराशेजारी एक जपानी अक्षर होते. इतक्या स्वस्त, इतक्या गरीब यंत्रातही त्या लोकांनी आपली अक्षरे घालून घेतली होती. मग आमची का नाहीत?

पडद्यावरचे प्रत्येक अक्षर आठ घरे रुंद आणि आठ घरे उंच अशा चौकटीत ठिपक्यांनी भरलेले असते. ते पाहताच मी हसले. सिस्टर आमच्याकडून हेच तर करून घेत असत, फक्त सुईने. चौकटीच्या कापडावर मोजून टाके घालायचे, उलट बाजूने गाठ दिसली तर उसवायला लावायचे. मी जपानी अक्षरे एकेक करून उसवली आणि तिथे आपली भरली. अ, आ, मग क पासून. वेलांट्यांनी रडवले, कारण त्या शेजारच्या घरात डोके घालतात. अर्धी अक्षरे वेगळी करावी लागली. कोर्टातून आल्यावर चहा घेऊन बसायचे आणि जेवणापर्यंत दोन अक्षरे व्हायची, वीज गेली तर एकही नाही. सन १९८५ च्या पावसाळ्यात ज्ञ झाला. पहिल्या पडद्यावर मी लिहिले: 'विशाखा मनवर, दारव्हा'. त्या वेळी मला ते कोणाला दाखवावे असेही वाटले नाही. आता वाटते, तहसीलसमोर पाटी लावायला हवी होती.

तो पहिला पडदा आणि ती अक्षरे मी एका चांगल्या जपानी कॅसेटवर साठवली. तीही धर्मपालनेच आणली होती. संघदीप तेव्हा दहा वर्षांचा. बाराखडी तो त्या टीव्हीवर नव्याने शिकला. शाळेत शिकलाच होता, पण आपल्या घरातला क पाहून नाचला. तो नाच खरा होता. हे मी त्याच्या बाजूने लिहीत आहे, आणि या कागदात त्याच्या बाजूचे एवढेच आहे.

कलम ४. रूपसिंग आडे यास काहीही देऊ नये.

रूपसिंग दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ लाऊडस्पीकर भाड्याने देतो. संघदीपच्या लग्नात, सन १९९९ मध्ये, त्याचाच लाऊडस्पीकर होता. घरातल्या सगळ्या कॅसेटा कोणीतरी एकाच पिशवीत कोंबून त्याला दिल्या, त्यात माझी अक्षरेही गेली. वर-वधू मंडपात येत असताना रूपसिंगने सनई समजून ती लावली.

ज्यांनी तो आवाज ऐकलेला नाही त्यांना सांगते, करवतीला ताप आला तर ती तशी ओरडेल. दोन कर्ण्यांमधून तो आवाज सुटला. मंडपामागे वऱ्हाड्यांचे बैल बांधले होते, ते दावी तोडून पळाले. नवऱ्या मुलीने कानावर हात ठेवले. तिचे मामा मला म्हणाले, "बाई, हे तुमच्याकडची रीत होय काय?" मी म्हणाले, "नाही, ही अक्षरे आहेत." ते पुढे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नंतर रूपसिंग कॅसेट हातात धरून आला. "बाई, हे कोनतं गानं होय? चाल बेकार हाय, पन ताकद लय हाय."

"गाणं नाही. बाराखडी आहे."

"बाराखडी अशी बोंबलते?"

"तुझ्या कानाला बोंबलते. यंत्राला कळते."

"एक दिवस ठेवू काय? साफ करून देतो." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी, साफ करून, परत दिली.

रूपसिंगला या मृत्युपत्राद्वारे एक पैसाही दिलेला नाही. कारण मला त्याची साक्ष हवी आहे, आणि ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीला उभे राहू नये असा चांगला शिरस्ता आहे. त्याला हे वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "मंग दुसरा साक्षीदार पाहा ना, बाई." दुसरा पाहणार नाही. पुढच्या कलमांवरून कारण कळेल.

कलम ५. घर.

दारव्ह्याचे दोन खोल्यांचे घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते पायलला मिळावे. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईने ते सांभाळावे, वडिलांनी नव्हे. घराच्या दर्शनी भिंतीवर 'संघदीप कॉम्प्युटर्स' असे रंगवलेले आहे. ते मी मेल्याच्या दुसऱ्या दिवशी चुन्याने पुसावे. तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

ही पाटी कशी आली ते सांगते. सन १९९८ मध्ये संघदीपने माझ्या पुढच्या खोलीत संगणकाचा वर्ग काढला. मी खोली दिली, टेबले दिली, आणि वर्ग यवतमाळला मोठ्या जागेत गेला तेव्हा यंत्राची कॅसेटही त्याच्याकडे दिली. म्हणाले, माझ्याकडे उंदीर फार झाले आहेत, तू जपून ठेव. त्याने मान हलवली होती.

मग कापसाची वाईट वर्षे आली. खरेदी केंद्रासमोरची गाड्यांची रांग गावाबाहेर गेली, भाव मात्र आत आला. ज्याच्या घरात पोर शिकलेले होते त्याला एकच प्रश्न पडला, याला वावरातून बाहेर कसे काढायचे. संघदीपने हे बरोबर ओळखले. त्याच्या जाहिरातीची रिक्षा कळंब, बोरी अरब, सगळीकडे फिरू लागली: 'शेतकरी बंधूंनो, कापसात काय ठेवले आहे? आपल्या मुलामुलींना संगणक शिकवा!' मीही ती रिक्षा आमच्या गल्लीतून जाताना ऐकली. आवाज स्पष्ट होता. मनात म्हणाले, पोराने कॅसेट चांगल्या प्रतीची वापरली आहे.

बोरी अरबला त्याने शाखा उघडली. तिथे दोन संगणक होते आणि पुठ्ठ्यावर काढलेले कीबोर्ड पुष्कळ. मुले पुठ्ठ्यावर बोटे चालवत. सोयाबीन निघायच्या आत शाखेला कुलूप लागले. पावत्यांवर पत्ता माझ्या घराचा होता. पालक माझ्या ओट्यावर येऊन बसत. भांडत नसत. नुसते बसत.

कलम ६. यवतमाळचा कार्यक्रम.

यंदा ऑगस्टमध्ये संघदीपने यवतमाळला स्वतःची इमारत बांधली. उद्घाटनाच्या आठ दिवस आधी तो आला. "आत्या, ते जपानी यंत्र दे ना, साफ करून आणतो." साफ करण्याची या गावाला भारी हौस. मी दिले.

कार्यक्रमाला मला चौथ्या रांगेत बसवले. व्यासपीठावर काचेची पेटी होती, आत माझे यंत्र, यंत्राला झेंडूचा हार. खाली पाटी: 'जिल्ह्यातील पहिली संगणकीय मराठी अक्षरे. निर्मिती: संघदीप धर्मपाल मनवर, वय १० वर्षे.' निवेदिका म्हणाली की या बालवैज्ञानिकाला त्या काळात प्रेमाने जेवू घालणारी त्याची आत्याही आज आपल्यात आहे, आणि मला एक गुलाब दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जेवू घातले होते, हे खरे आहे.

मी उठून व्यासपीठाजवळ गेले आणि म्हणाले, "संघदीप, चालू करून दाखव."

तो वाकून हळू म्हणाला, "आत्या, आता नको ना. पाहुणे हायेत."

"यंत्र आहे ते, मूर्ती नाही. अक्षरे दाखव लोकांना."

"त्याची कॅसेट नाही आता."

"तुझ्याकडे दिली होती."

"त्याच्यावर मी जाहिरात भरली व्हती, रिक्षासाठी. लय जुनी गोष्ट हाय. चांगली कॅसेट व्हती, वाया जाऊन राह्यली व्हती. आता कोन पाह्यते ते?"

तो अडाणी असता तर मी त्याला माफ केले असते. रूपसिंगला मी माफ केले आहे, त्याला ती सनई वाटली होती. संघदीपला ठाऊक होते की त्या चिरचिरीत काय आहे. त्याने क पासून ज्ञ पर्यंत सगळी ओळखीची तोंडे पुसली आणि त्यांवर स्वतःचा आवाज भरला, आणि मी तो आवाज माझ्याच दारात उभी राहून ऐकला आणि मनात त्याची वाहवा केली.

मी काचेची पेटी उघडली, यंत्र पिशवीत घातले आणि बसने दारव्ह्याला आले. हार तिथेच ठेवला, गुलाबही.

सप्टेंबरमध्ये त्याच्या वकिलाची नोटीस आली. 'सदर संगणक हा आमच्या अशिलाच्या मयत वडिलांच्या मालकीचा असून त्यावरील अक्षरे ही आमच्या अशिलाची निर्मिती आहे, तरी तो परत करावा.' माझे नाव कुठेच पुरते लिहिलेले नव्हते. 'नोटीस घेणार' एवढेच. त्यात टंकलेखनाच्या इतक्या चुका होत्या की उत्तर लिहिण्याऐवजी मी त्या लाल पेन्सिलने दुरुस्त करून नोटीस परत पाठवली.

कलम ७. टंकलेखन यंत्रे.

माझे इंग्रजी टंकलेखन यंत्र दारव्ह्यातल्या कोणत्याही गरजू मुलीला द्यावे. मराठी यंत्र वरील वकिलांना द्यावे. त्यांची गरज जास्त आहे.

कलम ८. बोरी अरबची कॅसेट.

मालकी मी ताब्यावरून सिद्ध करू शकत होते. पण अक्षरे कोणाची हे सांगणारा एकच साक्षीदार होता, तो पहिला पडदा, आणि तो पुसला गेला होता. यवतमाळहून उतरले त्याच संध्याकाळी मी बसस्टँडवर रूपसिंगच्या दुकानात पाणी प्यायला बसले आणि सगळे सांगितले. रूपसिंगने कपाळावर हात मारला.

"ते चिरचिरी? बाई, ते तं अजून वाजून राह्यली! बोरी अरबले, शकुबाईच्या वावरात. रानडुकरं हाकलाले देल्ली मी."

"काय दिलीस?"

"कॅसेट. लग्नात बैलं पयाले तवाच माह्या डोक्यात आलं, की ज्याले बैल भेते त्याले डुक्कर बी भेईन, रोही बी भेईन. उतरवून घेतली. चांगली चालते."

"माझी कॅसेट चोरून उतरवलीस?"

"चोरून कायले? तुमच्या समोरच तं नेली व्हती. उतरवाचं सांगतलं नाही, एवढंच."

हा मनुष्य चोर आहे. पण त्याने पुसले नाही. चोराने जपले आणि घरच्याने पुसले, हे मी कोर्टात इतकी वर्षे काढूनही पाहिले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे बोरी अरबला गेलो. नानाजी इंगोले यांचे वावर रस्त्यालगत आहे, कपाशी आणि मधून तूर. मचाणावर कर्णा, खाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, आणि पत्र्याच्या डब्यात टेपरेकॉर्डर. नानाजींची बायको शकुबाई कापूस वेचत होती. ओटीतला कापूस न उतरवताच तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "नाही देत."

"शकुबाई, ती माझी आहे."

"असंन. माह्या वावरात तीन सालापासून हाय. कापसाले भाव नाही, तुरीवर घर चालते. तुमी कॅसेट नेली तं डुकराइले काय तुमचा संगनक दाखवू?"

"मी दुसरी भरून देते."

"कशाची? गान्याले डुकरं भेत नाहीत. भाषनाले तं अजिबात नाही. रेडिओ लावून पाह्यला व्हता, उलटे जवळ आले."

रूपसिंग मध्ये पडला. "बाईचाच आवाज भरून घे ना. बाई कोर्टात व्हत्या, जज बी जपून बोले."

शकुबाईने मला वरून खालपर्यंत पाहिले. "जोरात बोलता येते काय?"

मी म्हणाले, येते.

तिथेच बांधावर बसून मी कॅसेटची एक पूर्ण बाजू भरली. कोणाला उद्देशून बोलावे याचा विचार करावा लागला नाही. संघदीपचे पूर्ण नाव घेऊन मराठीत सुरुवात केली. मराठी कमी पडल्यावर सिस्टर ज्या इंग्रजीत आम्हाला शिक्षा सुनावत त्या इंग्रजीत गेले आणि परत आले. शकुबाईने वेचणी थांबवली. शेजारच्या वावरातली माणसे बांधावर आली. ती कॅसेट मी शकुबाई नानाजी इंगोले यांना कायमची दिली आहे. तिच्यावर माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही, आणि ती बंद पाडण्यासाठी कोणी अर्ज केल्यास तो खोटा समजावा.

जुनी कॅसेट मी घरी आणली. उन्हाने ताणली गेली होती. रामधनला बोलावले, टीव्ही लावला. आवाजाचे बटण कुठे थांबवायचे हे माझ्या बोटांना अजून माहीत होते, तरी पुष्कळदा यंत्राने नाही म्हटले. मग एकदा हो म्हटले. शेवटची अक्षरे आली नाहीत. स च्या पुढे टेप इतकी घासली होती की यंत्र तिथेच थांबले. पण पहिला पडदा आला. काळ्यावर पांढरे: 'विशाखा मनवर, दारव्' आणि त्यापुढे एक रिकामी चौकट, ह ची.

रूपसिंगला वाचायला जरा वेळ लागतो. त्याने बोट ठेवून वाचले आणि माझ्याकडे वळला. "बाई, हे तं तुमचं नाव हाय! इतके साल मी डुकराइले तुमचं नाव आयकवलं?"

त्या पडद्याचा फोटो काढून घेतला आहे. मागे रूपसिंग आणि रामधन यांच्या सह्या आहेत. तो सोबत जोडला आहे. राहिलेली अक्षरे मी पुन्हा भरली आणि सगळी एका नव्या कॅसेटवर साठवली. ह बरा आला.

कलम ९. यंत्र कोणास.

सदर जपानी संगणक, ट्रान्सफॉर्मर, टीव्ही आणि दोन्ही कॅसेटा, म्हणजे वावरातली आणि मी नव्याने भरलेली, हे सर्व कु. समीक्षा नानाजी इंगोले, राहणार बोरी अरब, हिला मिळावे. समीक्षा ही शकुबाईची मुलगी. रिक्षातली जाहिरात ऐकून आईने तिला संघदीपच्या शाखेत घातले होते. तिने ती सगळी मुदत पुठ्ठ्यावर काढली. मी यंत्र लावले त्या दिवशी ती मुद्दाम पाहायला आली होती. खोडरबरी बटण दाबून म्हणाली, "बाई, हे दाबलं की खाली जाते." तिने याआधी खाली जाणारे बटण दाबलेच नव्हते.

अट एकच. यंत्र वर्षातून एकदा तरी चालू करावे. काचेत ठेवू नये. हार घालू नये. कोणी पाहायला मागितले तर दाखवावे, साफ करायला मागितले तर देऊ नये.

कलम १०. बँकेतली शिल्लक.

माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरेल ते बोरी अरबच्या शाखेत ज्यांनी फी भरली त्यांना परत द्यावे. ज्याच्याकडे माझ्या पत्त्याची पावती असेल त्याला विचारपूस न करता द्यावे. हे दान नाही. माझ्या दाराचा पत्ता वापरला गेला, त्याचे हे भाडे मी चुकवीत आहे. हे काम आणि या कागदाची बाकी अंमलबजावणी रामधन चव्हाण याने करावी. त्याच्या हाताला घाई नाही.

विधी साधा करावा. वंदना म्हणावी. लाऊडस्पीकर लावायचाच तर रूपसिंगचा लावावा, पण कॅसेट आधी कानाशी धरून तपासावी.

कलम ११. संघदीप धर्मपाल मनवर यास.

त्याला घर नाही, यंत्र नाही, शिल्लक नाही. रद्द झालेले मृत्युपत्र त्याने ठेवून घ्यावे.

एक गोष्ट मात्र त्याच्यासाठी ठेवली आहे, आणि ती घ्यायला त्याला स्वतः जावे लागेल. तूर उभी असताना संध्याकाळी त्याने बोरी अरबला जावे, नानाजींच्या बांधावर उभे राहावे आणि शकुबाईला कॅसेट लावायला सांगावे. तिला मी सांगून ठेवले आहे. आपल्याविषयी आत्या काय म्हणाली ते सगळे ऐकावे. मध्येच निघून जाऊ नये. कॅसेट शेवटपर्यंत ऐकावी.

कारण बोलता बोलता माझे शब्द संपले आणि कॅसेट उरली. मी थांबले, तेव्हा रूपसिंग हातवारे करू लागला, की बाई, थांबू नका, रिकामी जागा राह्यली तं डुकरं येते. मग तोंडात आले ते म्हणत गेले. क का कि की. टीव्हीसमोर त्याला शेजारी बसवून म्हणायची, त्याच चालीत, ज्ञ पर्यंत.

परवा शकुबाई बाजाराला आली होती. कॅसेट चांगली चालते म्हणाली, फक्त शेवटचा भाग कामाचा नाही.

"त्या भागाले डुकरं भेत नाहीत, बाई. उभी राहून आयकतात."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहिले, दोनदा वाचले, एकही खाडाखोड केली नाही, आणि खालील दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

ठिकाण: दारव्हा, माझ्या घरची पुढची खोली
दिनांक: २३ नोव्हेंबर २००६

सही: विशाखा पंजाबराव मनवर

साक्षीदार:
१. रूपसिंग आडे, लाऊडस्पीकरवाले, दारव्हा. (काही मिळाले नाही, तरी सही केली.)
२. रामधन चव्हाण, टीव्ही मेकॅनिक, दारव्हा. पडदा मी पाहिला आहे. नाव बाईंचेच होते.